वृद्धाश्रमात काळजी नीट घेतात की नाही, हे आधी कसं ओळखायचं?

ऑफिसात बसवून चहा पाजतात, बाग दाखवतात, त्यावर जाऊ नका. न कळवता संध्याकाळी साडेसातला जा. दिवसपाळीच्या मावशी तेव्हा घरी गेलेल्या असतात, मग खरं चित्र दिसतं. माझ्या आत्याला ठेवलं होतं तिथे रात्री बावीस जणांमागे एकच मावशी. आम्हाला हे कळलं ते एकाच कुशीवर पडून पडून आत्याच्या माकडहाडापाशी जखम झाल्यावर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एकटी बाई किती जणांना वळवणार? तिच्यावर राग तरी काय काढायचा!

म्हणून पहिला प्रश्न: रात्री किती जण असतात? कूस बदलल्याची नोंदवही मागा. सगळ्या वेळा एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर समजून जा.

मेनू सगळेच छान सांगतात. कवळी नसलेल्या आजींना पोळी कुस्करून देतात की ताट तसंच परत जातं, ते बघा. पाण्याचा तांब्या हात पोचेल असा आहे का? संडासात धरायला दांडा? फिनेलचा भपका जरा जास्तच असेल तर त्याखाली कसला वास दाबलाय, तेही हुंगा.

डिपॉझिट कधी परत मिळणार आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण नेणार, हे लेखी घ्या. पुढे काही खटकलंच, तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे.