वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीला वापरलेला सुपरचार्जर

प्रश्न : माझ्याकडे १९९० सालची माझदा एमएक्स-५ आहे. इंजिन मूळचे १६०० सीसीचे असून ते १ लाख ४० हजार किलोमीटर चालले आहे, तक्रार काही नाही. अलीकडेच मला पहिल्या पिढीच्या मिनी कूपर एस गाडीतून काढलेला ईटन एम४५ सुपरचार्जर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून त्यात जादा हवा ढकलणारे यंत्र) मिळाला. ब्रॅकेट आणि पुली बनवून घेतली आणि पेट्रोलचा दाब थोडा वाढवला की काम झाले, असे एक जाणकार मित्र सांगतात. इंजिन न उघडता हे जमेल का? शिवाय, सुपरचार्जर चांगल्या अवस्थेत आहे की नाही हे बसवण्यापूर्वी कसे ओळखावे?

उत्तर : इंजिन न उघडता हे जमते. मात्र ब्रॅकेट आणि पुली हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे आणि तो मी मुद्दाम शेवटी करायला सांगेन.

आधी सुपरचार्जर टेबलावर घ्यावा आणि पुली हाताने सावकाश फिरवावी. ती सर्व बाजूंनी सारख्याच जोराने फिरली पाहिजे. मध्येच कुठे अडकत असेल किंवा वाळू दळल्यासारखी करकर हाताला जाणवत असेल, तर बेअरिंग गेलेली आहे. पुली धरून वर-खाली हलवून पाहावी, तिथे खेळ असता कामा नये. मात्र फिरण्याच्या दिशेने दोन-चार अंशांचा ढिलेपणा असला तर घाबरू नये, तो पुलीचा दांडा आणि आतले गिअर जोडणाऱ्या कपलिंगचा असतो. मग हवा बाहेर पडण्याच्या तोंडातून टॉर्च मारून दोन्ही रोटर, म्हणजे हवा ढकलणारे फिरते भाग, पाहावेत. हे रोटर एकमेकांना कधीच टेकत नाहीत, अगदी थोड्या फटीने एकमेकांत फिरत राहतात. त्यामुळे लेप खरवडून खालचा धातू चमकत असेल, तर बेअरिंग किंवा गिअर झिजल्याने रोटर एकमेकांवर घासू लागले आहेत, असे समजावे. तेलाचा पातळ थर चालतो. तळाशी तेल साचलेले असेल, तर सील गेले.

मिनीतून काढलेल्या एम४५ची एक खोड ठाऊक असावी. त्या गाडीत पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या मागच्या टोकावरून फिरतो आणि त्यासाठीचे गिअर स्वतंत्र, अगदी थोड्या तेलात असतात. वर्षानुवर्षे त्या तेलाकडे कोणी पाहत नाही. माझ्याच हातून एकदा ही चूक झाली होती. पुढच्या बाजूचे तेल मी नीट बदलले, मागचा प्लग उघडायचा मात्र कंटाळा केला, आणि नंतर तो उघडला तेव्हा तेलाऐवजी काळे, वाळत आलेले मलम आणि झिजून धारदार झालेले दात पाहायला मिळाले. आपल्या गाडीला स्वतःचा पाण्याचा पंप आहे, त्यामुळे हे मागचे गिअर आपल्याला लागत नाहीत. ते काढून तोंड नीट बंद करून घ्यावे आणि त्याच वेळी मागच्या बेअरिंगही तपासाव्यात.

आता इंजिनाकडे वळू. इंजिन गरम असताना, सगळे स्पार्क प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, मोजावे. एकूण आकड्यापेक्षा चारही आकड्यांतील सारखेपणाला मी अधिक महत्त्व देतो. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक मागे असेल, तर कारण सापडेपर्यंत सुपरचार्जर कपाटातच राहू द्यावा. १९९० सालच्या या इंजिनाबाबत आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. सुरुवातीच्या, म्हणजे १९९१च्या सुमारापर्यंतच्या, बऱ्याच १६०० सीसी इंजिनांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, पुढचे टोक आखूड असते. तिथला बोल्ट सैल झाला की पुलीला दांड्यावर पकडून ठेवणाऱ्या चावीची (धातूच्या पट्टीची) खाच झिजते आणि मग पुली डुलू लागते. क्रँक पुलीच्या मध्यभागी ४ खाचा दिसल्या तर टोक आखूड, ८ दिसल्या तर लांब. सुपरचार्जरचा पट्टा नेमका याच टोकाला ओढणार असल्याने, ४ खाचा असतील तर पुलीचे डुलणे तपासल्याशिवाय पुढचा खर्च करू नये.

बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, किती मिळेल, याचा हिशेब कागदावर करता येतो. एम४५ म्हणजे एका फेरीत ४५ घनइंच, अर्थात सुमारे ०.७४ लिटर हवा. आपले १६०० सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन एका फेरीत कमाल ०.८ लिटर हवा घेते. म्हणजे दोघे एकाच वेगाने फिरले, तर सुपरचार्जर इंजिनाला पुरेशी हवाही देऊ शकणार नाही! तो इंजिनाच्या १.६ पट वेगाने फिरवला तर फेरीमागे सुमारे १.१८ लिटर हवा पुढे ढकलली जाते, आणि दोन्हीकडची गळती धरता ०.४ बार, म्हणजे सुमारे ६ पीएसआय बूस्ट अपेक्षित धरता येतो. इंजिन ७,००० फेऱ्यांवर असताना सुपरचार्जर तेव्हा ११,२०० फेऱ्या घेतो, ही गती त्याला झेपते. अधिक बूस्टच्या मोहाने पुली लहान करून हेच प्रमाण २.१ केले, तर आकडा १४,७०० वर जातो आणि वापरलेल्या बेअरिंगकडून ती अपेक्षा करणे मला तरी योग्य वाटत नाही. पट्ट्याचा मार्ग आखताना सुपरचार्जर इंजिनाच्याच दिशेने फिरेल, म्हणजे पट्ट्याची खाचांची बाजूच त्याच्या पुलीवर बसेल, हे पाहावे. पट्ट्याच्या पाठीने फिरवला तर तो उलटा फिरून हवा मागे ढकलू लागेल.

आपल्या मित्राशी माझा खरा मतभेद पेट्रोलबाबत आहे. हवा चाळीस टक्के वाढली तर पेट्रोलही तितकेच वाढायला हवे. पण इंजेक्टरमधून जाणारे पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दाब दुप्पट केला तरी पेट्रोल ४१ टक्केच वाढते. ‘दाब थोडा वाढवणे’ म्हणजे प्रत्यक्षात दुप्पट करणे, आणि तोही जुन्या पंपाच्या जिवावर. शिवाय या इंजिनात हवा मोजायला झडपेचा मीटर आहे. झडप एकदा पूर्ण उघडली की त्यापुढे किती हवा येते आहे, हे गाडीच्या संगणकाला कळतच नाही. आणि पेट्रोलचा दाब वाढवून स्पार्कचे टायमिंग मागे येत नाही, म्हणजे ठिणगी उशिरा पडत नाही. इथे तर ते मागे घ्यावेच लागते, कारण ९.४ कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनात सुपरचार्जरमधून येणारी हवा गरम असते : बाहेर २० अंश सेल्सिअस तापमान असताना ०.४ बारवर ती ७० अंशांच्या आसपास पोहोचते. नॉकिंग, म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रण सिलिंडरमध्ये आपोआप, स्फोटासारखे पेटणे, सुरू होते ते इथूनच. रोटरच्या घरघरीत त्याचा आवाज ऐकूही येत नाही, आणि कळते तेव्हा पिस्टनची कड तुटलेली असते.

म्हणून माझा आग्रह असा की, पेट्रोल आणि टायमिंग दोन्ही सांभाळणारा, प्रोग्रॅम करता येणारा संगणक, मोठे इंजेक्टर आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-पेट्रोलाचे प्रमाण नेमके मोजणारा) हे सारे सुपरचार्जरच्या आधी बसवावे आणि काही आठवडे गाडी तशीच, बूस्टविना चालवावी. ती थंडीत, उन्हात आणि चढावर नीट चालू लागली की मगच सुपरचार्जर चढवावा. पूर्ण बूस्टवर हवा-पेट्रोलाचे प्रमाण १२ (वजनाने एक भाग पेट्रोलाला १२ भाग हवा) किंवा किंचित कमी ठेवावे. मूळच्या सुमारे ११५ अश्वशक्तीवरून १५०च्या आसपास पोहोचता येईल. क्लच आणि १६०० सीसीच्या गाडीतला लहान डिफरन्शियल (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणारे गिअर) तेवढे सोसतात, मात्र झटक्याने क्लच सोडण्याची सवय असेल तर नाही.

प्रश्न : माझ्या गाडीतील वापरलेल्या सुपरचार्जरमधून आयडलिंगला खडखड येते आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबताच थांबते. बेअरिंग बदलावी का?

उत्तर : आवाज भार येताच थांबत असेल, तर बेअरिंगपेक्षा पुढच्या नाकाडातील (पुलीमागच्या निमुळत्या भागातील) कपलिंगवर संशय घ्यावा. त्यातली पिनांची भोके झिजून लांबट होतात. कपलिंग बदलण्यासाठी नाकाड काढावेच लागते, त्यामुळे तेलही तेव्हाच बदलावे. त्याचा कुबट वास हातांना दोन दिवस राहतो, हातमोजे घालावेत.

प्रश्न : सुपरचार्जर बसवल्यापासून जोरात गाडी चालवली की डिपस्टिक वर येते आणि आजूबाजूला तेल उडते. असे का होते?

उत्तर : क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तेल असलेल्या खालच्या भागात, दाब साचतो आहे. पूर्वी इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) फक्त निर्वात असे. आता तिथला बूस्ट पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (क्रँककेसमधला वायू मॅनिफोल्डकडे जाऊ देणाऱ्या एकेरी व्हॉल्व्हमधून) उलट इंजिनात शिरत असावा. तो व्हॉल्व्ह काढून मॅनिफोल्डच्या बाजूने तोंडाने फुंकून पाहावे, हवा अजिबात जाता कामा नये. ब्रेक बूस्टरच्या नळीतला एकेरी व्हॉल्व्हही त्याच वेळी असाच तपासावा. पीसीव्ही व्हॉल्व्ह चांगला निघाला, तर मात्र हवा पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरते आहे आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली कॉम्प्रेशनची चाचणी आपल्याला आता करावी लागेल.