वीस हजारांत मिटवू नका

वर्धा रोडवर मागून कारने ठोकलं, बाबांचा पाय मोडला आणि कारवाला "वीस हजार घ्या, केस नको" म्हणतोय, असं विचारलंय तुम्ही. समझोत्यावर सही करू नका भाऊ. रॉड टाकायचं ऑपरेशन वीस हजारांत सहसा होत नाही, आणि तो रॉड पुढे काढायचा झाला तर तो खर्च वेगळाच.

आधी एफआयआर. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज. नागपुरात ते सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातच आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 खाली दावा होतो, तोही ड्रायव्हर, गाडीमालक आणि विमा कंपनी या तिघांवर. थर्ड पार्टी विमा (म्हणजे गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा) असला तर पैसे सहसा कंपनीच भरते, कारवाल्याच्या खिशाची काळजी तुम्ही कशाला करता? दावा लावायला अपघातापासून सहा महिन्यांचीच मुदत आहे, 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात तसं आहे, तेव्हा दिवाळीनंतर बघू असं नको.

मागायचं काय? उपचार, बुडालेली कमाई, वेदना, सोबत राहणाऱ्याचा खर्च, आणि पाय कायमचा अधू झाला तर पुढच्या कमाईचं नुकसान. त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

मेडिकलच्या त्या गुळगुळीत बिलांची आजच झेरॉक्स काढा. माझ्या मामांची बिलं उन्हाळाभर डिक्कीत राहिली, कोर्टाची तारीख पडली तेव्हा शाई उडून नुसते पांढरे कागद हातात!

ऑटोच्या पावत्या, डिस्चार्ज कार्ड, पंचनाम्याची प्रत एकाच फाईलला लावा.