बर्फात गाडी सेन्सरची तक्रार करते तेव्हा

मिनेसोटा किंवा टोरांटोत पहिलाच हिवाळा असेल, तर ‘समोरचा रडार बंद’ असा संदेश पाहून घाबरू नका. बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. रडार, म्हणजे पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा सेन्सर, ग्रिलमधल्या चिन्हामागे किंवा खालच्या बंपरमध्ये असतो. पुढच्या गाड्यांनी उडवलेला ओला चिखलबर्फ त्यावर थापला की तो आंधळा होतो. कोरडा भुसभुशीत बर्फ तितका नडत नाही, पाणी धरलेला नडतो.

अशा वेळी अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारी यंत्रणा) आणि आपोआप लागणारा ब्रेक बंद पडतो. तुमच्या पायाखालचा ब्रेक आणि एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) मात्र चालू असतात. अंतर वाढवा, सुरक्षित जागी थांबा आणि मऊ ब्रशने तो भाग पुसा. काच खरवडायची पट्टी तिथे लावू नका, चरे पडतात. उकळतं पाणी तर नकोच. रस्ता पाहणारा कॅमेरा आरशामागे पुढच्या काचेला असतो, त्यासाठी डीफ्रॉस्ट (काचेवर गरम हवा सोडणं) पुरे. काच धुणाऱ्या वॉशरमध्ये उणे २९ अंश सेल्सिअसपर्यंत न गोठणारं द्रव भरा. साफ केल्यावरही संदेश राहिला, तर गाडी बंद करून पुन्हा चालू करा.

टायरमधली हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा वेगळा: तापमान साधारण ५-६ अंश सेल्सिअसने उतरलं की दाब १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) घटतो. थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा.