सुपरस्पीडवेवर जिंकणं म्हणजे निव्वळ नशीब असतं का?

प्रश्न असा आहे: "डेटोना, टॅलाडेगासारख्या सुपरस्पीडवेवर, म्हणजे लांबलचक अंडाकृती ट्रॅकवर, नॅस्कार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या चाळीसेक गाड्या तीन तास गोल फिरतात आणि शेवटी ज्याचं नशीब तो जिंकतो. मग शेवटची पाच मिनिटं पाहिली तर पुरे ना?"

पुरे नाही. आणि नशीब हा शब्द तर मला या बाबतीत ऐकवतच नाही, कारण टॅलाडेगाच्या स्टँडमध्ये माझ्या शेजारी बसून आमच्या भावजींनी हेच ऐकवलं होतं आणि अजूनही ऐकवतात.

एप्रिल 2011. आम्ही तेव्हा अटलांटाजवळ राहायचो. भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पुण्याहून आले होते. ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडाला पहिली इंडियन ग्रां प्री व्हायची होती, त्यामुळे त्यांच्या तोंडी फॉर्म्युला वनशिवाय विषय नव्हता. ऑफिसातल्या एका अलाबामाच्या सहकाऱ्यानं मला तिकिटं दिली, ड्रायव्हर आणि टीमचं बोलणं ऐकायचा स्वतःचा रेडिओ स्कॅनर दिला आणि बजावलं, 88 नंबरच ऐक. 88 म्हणजे डेल अर्नहार्ट ज्युनियर. वडिलांनी याच ट्रॅकवर 10 शर्यती जिंकलेल्या, ह्यानं स्वतः 5. पण जून 2008 पासून ह्याला कुठेच विजय नव्हता. आमच्या रांगेत जिकडे पाहावं तिकडे 88 चे टी-शर्ट.

स्कॅनरचा हेडफोन कानाला लावला आणि मला वेगळीच शर्यत ऐकू यायला लागली. त्या वर्षी सुपरस्पीडवेवर सगळे जोडीनं धावत होते. मागच्या गाडीनं पुढचीच्या बंपरला नाक टेकवायचं आणि ढकलत राहायचं, की दोघी मिळून एकट्या गाडीपेक्षा कितीतरी जोरात जातात. पण ढकलणाऱ्याला समोरचा रस्ता दिसत नाही, दिसतो तो फक्त पुढच्या गाडीचा मागचा भाग. वर स्टँडच्या छतावरून रस्ता पाहून रेडिओवर सांगणारा टीमचा माणूस, म्हणजे स्पॉटर, सांगेल ते ऐकायचं, ताशी 190 मैलांवर. त्यात ढकलणाऱ्याच्या रेडिएटरला हवा मिळत नाही, पाणी तापायला लागतं, म्हणून काही फेऱ्यांनी जागा बदलायची. ही अदलाबदल करताना जोडी सुटली की मागचे सगळे अंगावरून निघून जातात. त्या दिवशी 188 फेऱ्यांत आघाडी 88 वेळा बदलली आणि 26 जणांनी ती घेतली. आदल्या वर्षी इथेच झालेल्या विक्रमाची बरोबरी. स्टँडमधून पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. रेडिओवर कळतं की प्रत्येक बदलामागे कुणीतरी कुणालातरी विचारलेलं असतं, मी आता पुढे येऊ का, पाणी किती तापलंय, अजून दोन फेऱ्या निघतील का.

शेवटच्या फेरीत चार जोड्या उरल्या. एडवर्ड्स-बिफल, गॉर्डन-मार्टिन, बोयर-हार्विक, आणि जिमी जॉन्सनला ढकलणारा ज्युनियर. टॅलाडेगाची फिनिश लाइन स्टँडच्या मध्यावर नाही, ट्रायओव्हल, म्हणजे स्टँडसमोरचं हलकं वळण, ओलांडून पहिल्या वळणाकडे सरकलेली आहे, त्यामुळे मधल्या बाकावाल्यांना वाटतं संपली शर्यत, तर अजून झटापट बाकी असते. ज्युनियरनं जॉन्सनला आतल्या बाजूनं, अगदी खालून, रेटत आणलं. आठ गाड्या एका घोळक्यात आमच्या समोरून गेल्या, तो आवाज कानाला नाही, बरगड्यांना लागतो. आणि मग क्षणभर कुणी ओरडेना. कोण जिंकलं तेच कुणाला कळलं नव्हतं. सगळे स्कोअरच्या खांबाकडे माना करून उभे. वर 48 लागला, जॉन्सनचा नंबर. जॉन्सननं बोयरला हरवलं होतं, 0.002 सेकंदांनी. त्या वेगाला हे अंतर एक वीतसुद्धा भरत नाही.

ज्युनियर चौथा. जॉन्सननं नंतर विजयाचा चौकटीचा झेंडा त्याला देऊन टाकला.

भावजी म्हणाले, "वहिनी, चौथा आला म्हणजे हरलाच की. आणि तो जॉन्सन नशिबानं जिंकला."

मला हे इतकं का लागलं ते सांगते. तेव्हा माझा नवरा पीएचडी करत होता. घरभाडं, गाडीचा हप्ता, दोन वर्षांतून एकदा पुण्याची तिकिटं, सगळं माझ्या पगारातून. आणि पुण्यात कुठल्याही कार्यात भावजींचं एकच पालुपद, "दादानं एकट्याच्या हिमतीवर करून दाखवलं." नवऱ्यानं त्यांना एकदाही दुरुस्त केलं नाही, हेही इथे लिहून टाकते. जॉन्सननं निदान झेंडा दिला.

तर नशीब. नशीबच असतं तर तीच तीच नावं पुन्हा पुन्हा का येतात? ब्रॅड केसेलोव्स्कीनं टॅलाडेगा 6 वेळा जिंकलं. डेनी हॅम्लिननं डेटोना 500 तीनदा, त्यात 2016 ला ट्रुएक्सला 0.010 सेकंदांनी हरवून. मायकल वॉल्ट्रिपनं नॅस्कारच्या मुख्य, म्हणजे कप मालिकेत एकूण 4 विजय मिळवले आणि चारही याच दोन ट्रॅकवर. 1988 पासून इथे इंजिनात जाणारी हवा कमी करून त्याचा श्वास मुद्दाम आवळलेला असतो, कारण 1987 ला बिल इलियट ताशी 212.809 मैलांपर्यंत पोचला आणि बॉबी अॅलिसनची गाडी उडून प्रेक्षकांच्या जाळीवर गेली. तेव्हापासून निव्वळ इंजिनाच्या जोरावर कुणाला सुटून जाता येत नाही. मागून कुणीतरी ढकलावं लागतं, आणि त्यानं तुम्हालाच का ढकलावं हे आधीचे तीन तास ठरवत असतात. ती तीन तासांची कमाई तुम्ही पाच मिनिटांत कशी पाहणार?

जोडीचा तो प्रकार नॅस्कारनं पुढच्याच हंगामात नियम बदलून जवळपास बंद केला. आता घोळके असतात. फेब्रुवारी 2024 ची अटलांटाची शर्यत पाहा, सुआरेझ, ब्लेनी आणि काइल बुश तिघे शेजारी शेजारी रेषेवर आले, 0.003 आणि 0.007 सेकंदांच्या फरकानं. सुआरेझची गाडी दुसऱ्याच फेरीतल्या मोठ्या टकरीत सापडली होती, तरी जिंकला.

हो, समोरच्यांची टक्कर झाली आणि तुम्ही तिच्यात सापडलात तर त्यात तुमचा काही दोष नसतो, एवढं नशीब मी मान्य करते. आणि हा खेळ जीवघेणा आहे. 2001 च्या डेटोना 500 मध्ये वॉल्ट्रिप पहिला, ज्युनियर दुसरा, आणि त्या दोघांच्या मागे येणारे थोरले अर्नहार्ट शेवटच्या फेरीत शेवटच्या वळणावर भिंतीवर आदळून वारले. तेव्हा लहान मुलांना पहिल्यांदा नेत असाल तर आधी विचार करा. नेलंत तर कानाला संरक्षण हवंच, आणि जागा वरच्या रांगेतली घ्या, खालून फक्त रंगाचे पट्टे दिसतात. स्कॅनर भाड्यानं मिळतो. जिंकणाऱ्याचा ऐकू नका, त्याच्या मागच्याचा ऐका.