कोल्हापुरातल्या तळघरात रेडॉन ५.१ दाखवतंय, काळजी करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मुलाने येताना रेडॉन, म्हणजे जमिनीतून निघणारा किरणोत्सारी वायू, मोजायचं यंत्र आणलं. राजारामपुरीतल्या घराच्या तळघरात, जिथे तुमचा भाऊ दिवसभर शिकवण्या घेतो, तिथे दोन दिवसांत त्याने ५.१ दाखवलं आणि वर हॉलमध्ये ०.८. मुलगा म्हणतो तळघर बंद करा, भाऊ म्हणतो हे सगळं अमेरिकेतलं खूळ. खरं कोणाचं?

मी बांधकामातला माणूस, डॉक्टर नव्हे. तळघरांची ओल काढण्यात बरीच वर्षं गेली आणि रेडॉन हे ओलीचं सख्खं भावंड आहे. दोघंही जमिनीतून, त्याच फटींतून वर येतात. फरक इतकाच की ओल भिंतीवर दिसते. रेडॉनला रंग नाही, वास नाही.

आधी तो आकडा समजून घ्या. अमेरिकन यंत्र पिकोक्युरी प्रति लिटरमध्ये मोजतं, बाकी जग बेकरेल प्रति घनमीटरमध्ये. दोन्ही किरणोत्सार मोजायची एककं. लिटरमागे १ पिकोक्युरी म्हणजे घनमीटरमागे ३७ बेकरेल, म्हणजे तुमचे ५.१ झाले साधारण १९०. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मते ४ पासून, म्हणजे १४८ बेकरेलपासून, उपाय करायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली १०० ही पातळी सुचवली आणि ते जमत नसेल तिथे निदान ३०० च्या वर जाऊ देऊ नका असं सांगितलं. तुमचं तळघर या १०० आणि ३०० च्या मध्ये आहे. कुलूप लावण्याइतकं काही झालेलं नाही, पण भावाने हसण्यावारी न्यावं असंही नाही.

मात्र हे सगळे आकडे वर्षभराच्या सरासरीला लावायचे असतात. रेडॉन दिवसा-रात्री, दार उघडं-बंद, पाऊस-ऊन यांप्रमाणे हलत राहतो. दोन दिवसांच्या आकड्यावर निकाल देऊ नका. यंत्र तळघरातच ठेवा, जमिनीपासून दोन-तीन फूट वर, खिडकी, पंखा आणि बाथरूमपासून लांब. शिकवण्या नेहमीसारख्या चालू द्या आणि महिन्याभराची सरासरी बघा. जून ते सप्टेंबरचे आकडे वेगळे लिहून ठेवा. आपल्याकडच्या पावसात घराभोवतीची माती पाण्याने गच्च होते आणि वायूला वर निघायला वाव उरतो तो घराखालच्या कोरड्या भागातून. त्यात आपण खिडक्याही लावून घेतो.

आता कोल्हापूरचं. रेडॉन तयार होतो रेडियमपासून आणि रेडियम येतं युरेनियममधून. ग्रॅनाइटच्या मुलखात युरेनियम जास्त. पंचगंगेचा घाट ज्या काळ्या दगडात बांधलाय तो बेसाल्ट, त्यात ते बरंच कमी. म्हणून वरच्या हॉलचे ०.८ बघून मला नवल वाटलं नाही. खिडक्या उघड्या असलेल्या साध्या घरात यासाठी कोणी पैसे घालवावेत असं मला वाटत नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. तळघराच्या चारही भिंती मुरमात गाडलेल्या, वर दार बंद आणि स्प्लिट एसी चालू. लोकांना वाटतं एसीने हवा बदलते. स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडतो, बाहेरची हवा घेतच नाही.

धोका आहे तो फुफ्फुसाच्या कर्करोगाचा आणि धूम्रपान करणाऱ्याला तो कैक पटींनी जास्त. अमेरिकेच्या त्याच संस्थेचा अंदाज: ४ पिकोक्युरीच्या घरात आयुष्यभर राहिलेल्या १००० धूम्रपान करणाऱ्यांपैकी ६२ जणांना हा कर्करोग होऊ शकतो, कधीच न ओढणाऱ्या १००० जणांत ७ जणांना. भाऊ सिगारेट ओढतात का ते तुम्ही लिहिलं नाहीत. ओढत असतील तर पहिला उपाय यंत्रात नाही, त्यांच्या खिशात आहे.

कमी कसं करायचं? सगळ्यात आधी हवा. आणि इथे आपले इलेक्ट्रिशियन हमखास घोळ घालतात: तळघर म्हटलं की एक्झॉस्ट फॅन. बंद खोलीतली हवा नुसती बाहेर ओढली की आत दाब कमी होतो आणि ती जागा भरायला फटींतून जमिनीतली हवा वर येते. रेडॉन उलट वाढू शकतो. म्हणून पंखा बाहेरची ताजी हवा आत ढकलणारा बसवा आणि समोरच्या बाजूला हवा जायला जाळी ठेवा. हवा बदलण्याचा वेग दुप्पट झाला की रेडॉन साधारण निम्म्यावर येतो. तुमच्या आकड्याला बहुतेक एवढं पुरेल.

त्याच्या जोडीला फरशी आणि भिंतीचा सांधा, ड्रेनेजचा पाइप शिरतो ती जागा, केबलची भोकं, पाण्याची उघडी टाकी (संप), हे सगळं भरून, झाकून घ्या. नुसत्या फटी बुजवून मात्र फारसं हाती लागत नाही, वायू दुसरी वाट शोधतो. एअर प्युरिफायर हा वायू काढत नाही. घरातली झाडंही नाहीत.

एवढं करूनही सरासरी १५० च्या वरच राहिली तर परदेशातली खात्रीची पद्धत वापरावी लागेल. फरशीला भोक पाडून चार इंची पीव्हीसी पाइप खालच्या थरापर्यंत न्यायचा, तो गच्चीच्या वर काढायचा आणि वाटेत सतत चालणारा छोटा पंखा बसवायचा. फरशीखालचा दाब खोलीपेक्षा कमी झाला की वायू खोलीत न येता थेट आकाशात जातो. आपल्याकडे फरशीखाली सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर, असतो, त्यातल्या पोकळ्या या कामाला उपयोगी पडतात. पण मुरूम दाबून भरलेला असेल तर ओढ लांबवर पोचत नाही, तेव्हा आधी एका कोपऱ्यात भोक पाडून बघा. नवीन बांधकाम असतं तर मी पीसीसीच्या (तळाच्या साध्या काँक्रीटच्या) आधीच सोलिंगमध्ये भोकं पाडलेला पाइप टाकून वर प्लास्टिकचा कागद अंथरायला सांगितला असता. त्याला खर्च नगण्य.

वहिनींनी विचारलेलं राहिलं: ग्रॅनाइटच्या ओट्यातूनही रेडॉन येतो का? स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यातून निघणारा रेडॉन अगदी किरकोळ असतो, आणि खिडकी उघडी असलेल्या स्वयंपाकघरात तो टिकतही नाही. ओटा फोडू नका.