कॅथोड गुडइनफ यांचा, मग योशिनोंना नोबेल कशाबद्दल?

तुम्ही विचारलंय की लिथियम बॅटरी व्हिटिंगहॅम यांनी आधीच करून दाखवली होती, कॅथोड (बॅटरीचं धन टोक) गुडइनफ यांनी दिला, तर या दोघांबरोबर २०१९च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अकिरा योशिनो कुठून आले? मी सेल तपासण्याचंच काम करतो, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

घोडं अडलं होतं ॲनोडपाशी, म्हणजे ऋण टोकापाशी. व्हिटिंगहॅम यांच्या बॅटरीत तिथे लिथियम धातूच होता. चार्ज करताना त्यावर सुईसारखे काटे वाढतात. ते सेपरेटर (दोन टोकांमधला पडदा) भेदून पलीकडे टेकले की शॉर्ट, आणि मग आग. योशिनो १९८१पासून असाही कासेई कंपनीत पॉलिॲसिटिलीन नावाचं वीजवाहक प्लास्टिक ॲनोड म्हणून वापरून बघत होते. त्यात लिथियम नव्हतं, आणि तेव्हाच्या कॅथोडांतही नव्हतं. मग दोन टोकांत ये-जा करणारे लिथियमचे आयन (विद्युतभारित अणू) आणायचे कुठून? १९८२ संपता संपता, प्रयोगशाळेची वर्षअखेरची आवराआवर झाल्यावर, त्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड या कॅथोडवरचा गुडइनफ यांचा १९८०चा लेख वाचला. इथे लिथियम कॅथोडमध्येच होतं! म्हणजे सेल डिस्चार्ज अवस्थेतच बनवायचा आणि पहिल्या चार्जला लिथियम ॲनोडकडे धाडायचं. धातूची गरजच उरली नाही.

पण पॉलिॲसिटिलीन हलकं आणि जागा खाणारं, त्यामुळे बॅटरी लहान होईना. म्हणून कार्बन. ग्रॅफाइट कुणालाही सुचलं असतं, पण तेव्हाच्या प्रॉपिलीन कार्बोनेटच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये (आयन वाहून नेणाऱ्या द्रवात) त्याचे थर पापुद्र्यांसारखे सुटायचे. योशिनो आधी कार्बनच्या तंतूंकडे वळले आणि मग पेट्रोलियम कोककडे, म्हणजे तेलशुद्धीकरणातून मिळणाऱ्या काळ्या, घन कार्बनकडे. १९८५पर्यंत आजच्या बॅटरीचा सांगाडा उभा राहिला.

१९८६ साली त्यांनी सेलवर लोखंडी वजन पाडून पाहिलं. लिथियम धातूचे सेल पेटले, कोकवाले पेटले नाहीत. लिथियम-आयन बॅटरीचा जन्म ते याच क्षणाला मानतात. आमच्याकडे वजन पाडायची चाचणी असली की अजूनही सगळे दोन पावलं मागे सरकतात.

१९९१ साली सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. पुढे इलेक्ट्रोलाइटमध्ये एथिलीन कार्बोनेट आलं, त्यात थर सुटेनात म्हणून ग्रॅफाइट परतलं आणि कोक गेला. पण आजही सेल उकलला (घरी अजिबात करू नका) तर कॅथोडखाली ॲल्युमिनियमचीच फॉइल सापडते. चार व्होल्टला बरेच धातू झिजतात. ॲल्युमिनियम स्वतःवर पातळ थर चढवून तगतं. तीही योशिनोंचीच निवड.