जुना कम्युनिटी टँक हळूहळू सिक्लिडचा करता येईल का?

तुमचा प्रश्न असा: तीन फुटी कम्युनिटी टँक (वेगवेगळ्या जातींचे शांत मासे एकत्र) काही वर्षं चालू आहे, त्यात निऑन, गप्पी, कोरी हे छोटे मासे आणि ड्रिफ्टवुड (पाण्यातलं लाकूड) आहे, पीएच ६.२ आहे, म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे. आता आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातले सिक्लिड, म्हणजे जास्त पीएचच्या कठीण पाण्यात राहणारे मासे, पाळायचे आहेत. खायचा सोडा टाकून पीएच वाढवत नेला आणि जुने मासे तसेच राहू दिले तर चालेल का?

नाही चालणार. सोड्याचा डबा सध्या जागेवर ठेवा आणि आधी अमोनियाची टेस्ट करा.

तुम्ही आत्ता जिथे आहात त्याच टप्प्यावर आमच्या घरातले मासे गेले. ते का गेले याचं चुकीचं कारण घरात आजही सांगितलं जातं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

टँक माझा आणि दादाचा, दोघांचा. जुना, झाडांनी भरलेला, पाणी आरशासारखं स्वच्छ. दादाला येलो लॅब हे मालावीचे पिवळे सिक्लिड आवडले आणि टँक मालावीचा करायचं ठरलं. माझं म्हणणं होतं की आधी जुने मासे दुसरीकडे हलवू, पाणी बदलत बदलत टँक धुऊन काढू, मग दगड आणि मग नवे मासे. दादाचं म्हणणं, "अगं, इतकी वर्षं या पाण्यात एक मासा मेला नाही. पाणी उत्तम आहे, फक्त पीएच वाढवायचाय. माशांना सवय होते." माशांना सवय होते, हे वाक्य मी त्याआधीही ऐकलं होतं आणि नंतरही ऐकते आहे. मी घरात नसताना त्याने सोडा टाकला, तोही त्याच्या मते बेताने. संध्याकाळी मी आले तेव्हा कोरी पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत होते, निऑनचे कल्ले लालभडक झाले होते. सकाळपर्यंत निम्म्याहून जास्त मासे गेले.

घरातला निकाल लगेच लागला: सोडा वाईट, पीएचचा धक्का बसला, सिक्लिडचं खूळच नको.

पण आदल्या दिवशी झाडं छाटताना मी टँकमधलं बादलीभर पाणी काढलं होतं आणि ते तसंच पडलं होतं. त्यात सोड्याचा कणही नव्हता. ते पाणी टेस्ट केलं, तर अमोनियाचा रंग तक्त्यावरच्या शेवटच्या गडद हिरव्या खान्याला जाऊन भिडला. दादाने ते पाहिलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं मासे जगले कसे?" त्याचं उत्तर मी तेव्हाही दिलं होतं, आज लिहून ठेवते.

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. टँकमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. यात आम्ल तयार होतं आणि पाण्यातलं कार्बोनेट, म्हणजे केएच, खर्ची पडत जातं. पाणी पुरेसं बदललं नाही तर एक दिवस केएच संपतो आणि पीएच घसरतो. पीएच साडेसहाच्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात. मग अमोनिया साचू लागतो, पण कमी पीएचला तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, आणि अमोनियम माशांना फारसं बाधत नाही. पाणी स्वच्छ दिसतं, मासे खातात, सगळं उत्तम चाललंय असं वाटतं.

आता आकडे बघा. तापमान २५ अंश धरा. पीएच ६.२५ असताना एकूण अमोनियाचा साधारण हजारावा भाग विषारी रूपात (अमोनियम न होता अमोनिया म्हणूनच) असतो. ८.२५ ला तोच अकरावा भाग होतो. टेस्टमध्ये ८ पीपीएम (दहा लाखांत आठ भाग) दिसत असेल, तर आधी विषारी भाग ०.००८ होता, सोड्यानंतर तो ०.७ च्या वर जातो. ०.०५ च्या पुढे कल्ल्यांना इजा होते. टेस्ट किटवर मात्र दोन्ही वेळा आकडा ८ च दिसेल, कारण बहुतेक किट अमोनिया आणि अमोनियम मिळून मोजतात. म्हणून मी म्हणते की मासे सोड्याने मेले नाहीत. विष आधीपासून टँकमध्येच होतं, सोड्याने फक्त त्याचं रूप बदललं. पुढे पाणी बदलत स्वच्छ केलेल्या टँकमध्ये, अमोनिया शून्य असताना, मी त्याच डब्यातला सोडा वापरला आणि येलो लॅबना काहीही झालं नाही. दादा अजून "पीएचचा धक्का" म्हणतो.

तेव्हा तुमच्या टँकमध्ये अमोनिया निघाला, तर रोज दहा-पंधरा टक्केच पाणी बदला. एकदम अर्धं बदलू नका. नळाचं पाणी साडेसात-आठ पीएचचं असेल तर नुसत्या पाण्यानेही तेच होईल जे सोड्याने झालं. आकडा शून्यावर आल्यावरच पीएचला हात लावा. आणि फिल्टर जुना आहे म्हणून त्याच्यावर विसंबू नका. सहाच्या आसपासच्या पीएचला त्यातले जिवाणू मंदावलेलेच असतात, नव्या पाण्यात त्यांना सावरायला काही आठवडे द्या.

जुने मासे ठेवण्याबद्दल. गप्पींना कठीण पाणी चालतं, निऑन आणि कोरींना मालावीचं पाणी मानवत नाही. पण पाणी हे दुय्यम कारण आहे. मालावीचे म्बुना, म्हणजे दगडांत राहणारे सिक्लिड (येलो लॅबही त्यातलेच), दिवसभर हद्दीवरून भांडतात, आणि गप्पीची लांब शेपटी त्यांच्यासमोर फार टिकत नाही. शिवाय खाणं वेगळं. बहुतेक म्बुना दगडांवरचं शेवाळ खरवडून खाणारे, त्यांचं आतडं लांब असतं. कोरींसाठी टाकलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) त्यांनी रोज खाल्ले तर पोट फुगून मरू शकतात. एकाच टँकमध्ये दोघांना नीट खायला घालता येत नाही. जुने मासे कुणाला तरी द्या, आणि नवे येण्याच्या आधी द्या. "दोन सिक्लिड आणून बघू, जमलं तर वाढवू" हा तर सगळ्यात वाईट मार्ग. म्बुना थोडे असले की दांडगा नर एकाच माशाच्या मागे लागून त्याला मारतो; संख्या जास्त असली की राग विभागला जातो. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात. एकसारख्या दिसणाऱ्या जाती एकत्र ठेवू नका, त्या नुसत्या भांडत नाहीत, संकरही करतात. ऑराटस हा भांडखोर म्बुना कितीही देखणा दिसला तरी तीन फुटांत आणू नका. येलो लॅब त्यातल्या त्यात शांत, त्यांच्यापासून सुरुवात करा. चार फुटी टँक शक्य असेल तर तोच बरा.

ड्रिफ्टवुड काढा, ते पाणी आम्लाकडे नेतं. दगड आधी काचेच्या तळावर घट्ट बसवा आणि मग वाळू घाला. हे मासे सतत उकरतात, वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस काचेवर कोसळेल. झाडांपैकी अनुबियास आणि जावा फर्न कदाचित टिकतील, बाकीची विसरा.

हे सगळं मालावीसाठी झालं. सिक्लिडच हवेत आणि झाडं, ड्रिफ्टवुडही सोडवत नसतील, तर एंजल आणि अपिस्टोग्रामा हेही सिक्लिडच आहेत, आणि मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी त्यांना आवडतं. अमोनियाचा बंदोबस्त त्यांच्यासाठीही आधी करावाच लागेल, आणि मोठा झालेला एंजल निऑन गिळतो हे लक्षात ठेवा.

आणखी एक. क्षारांचं प्रमाण अचानक बदललं तर माशांना त्रास होतो हे खरं आहे, दादाचं तेवढं म्हणणं मी मान्य करते. म्हणून अमोनिया शून्य असला तरी सोडा एका दिवसात सगळा घालू नका, आठवडाभरात विभागून घाला. त्याआधी नळाच्या पाण्याचा केएच मोजा. तो मुळातच जास्त असेल तर सोड्याची गरजच नाही, कोरलचा चुरा आणि नियमित पाणी बदलणं एवढ्यावर भागतं.